पहिली दहा लिटर बिअर

घरी बिअर बनवताना पहिल्याच खेपेला दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवून साखर काढायच्या फंदात पडू नका. कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्या साखरेची तयार पूड, वापरलं की चुकायच्या जागा निम्म्याने कमी होतात. दहा लिटरला फिकट एक्स्ट्रॅक्ट 1.3 किलो, साधारण 8 टक्के अल्फा आम्ल (कडवटपणा देणारा घटक) असलेले हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालायची वाळवलेली फुलं, 30 ग्रॅम आणि कोरडं एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं) 6 ग्रॅम पुरे. भांडं मात्र 16 लिटरचं तरी घ्या.

12 लिटर पाणी तापवा, गॅस बंद करा आणि मगच एक्स्ट्रॅक्ट ढवळत घाला. नाहीतर ते तळाला बसून करपतं. पुन्हा आच लावली की हे गोड पाणी, म्हणजे वर्ट, दुधासारखं वर येतं. पहिली दहा मिनिटं भांड्यापाशीच थांबा. उकळी स्थिरावली की 15 ग्रॅम हॉप्स टाका आणि झाकण न ठेवता तासभर उकळा. कडवटपणा यातूनच येतो. उरलेले 15 ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांत, फक्त वासासाठी.

इथून पुढे वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं: फर्मेंटर (आंबवायचं भांडं), झाकण, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), नळी, चमचासुद्धा. आधी घासून धुवा, मग निर्जंतुक करा. मळ राहिला तर निर्जंतुक करायच्या द्रावणाचा उपयोग नाही. ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली तर नकोच.

भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून वर्ट 20 अंशांपर्यंत निववा. फर्मेंटरमध्ये उंचावरून ओता, कारण यीस्टला वाढायला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. (आंबल्यानंतर मात्र हवा शत्रू, तेव्हा खळखळ ओतलं तर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.) हायड्रोमीटरने घनता मोजून लिहून ठेवा, (पाण्याची 1.000 धरून) 1.048 च्या आसपास यायला हवी. मग यीस्ट घाला.

सगळ्यात जास्त बिअर बिघडते ती तापमानामुळे. 18 ते 20 अंश राखायचे ते बिअरचे, खोलीचे नव्हे. आंबताना तिची स्वतःची उष्णता दोन-तीन अंशांनी वाढते. पहिले तीन-चार दिवस जपा. त्यात ती फार तापली तर थिनरसारखा उग्र वास येतो, आणि तो नंतर जात नाही. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून गोठवलेल्या बाटल्या बदलत राहणं हा स्वस्त उपाय.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं समजू नका; झाकण सैल असलं तरी ते थांबतात. दोन आठवड्यांनी घनता मोजा, तीन दिवसांनी पुन्हा. दोन्ही वेळा आकडा तोच, 1.010 ते 1.013 च्या दरम्यान, आला तरच बाटल्या भरा. मद्यार्क पाच टक्क्यांच्या जवळपास असेल.

भरताना, बाटलीत फेस तयार व्हावा म्हणून, लिटरमागे 6 ग्रॅम साखर, वजनकाट्यावर मोजून. थोड्या पाण्यात उकळून, निववून दुसऱ्या निर्जंतुक बादलीत ओता आणि त्यावर सायफनने अलगद बिअर सोडा. साखर जास्त झाली किंवा आंबणं अर्धवट असलं तर बाटली फुटते, काचा उडतात. म्हणून बाटल्या बिअरच्याच, जाड काचेच्या, शक्यतो तपकिरी. पारदर्शक काचेतून ऊन लागलं की हॉप्सला घाण वास सुटतो. वर तीन सेंटीमीटर मोकळे ठेवून टोपणं दाबा.

दोन आठवडे 20 अंशांच्या आसपास अंधारात, मग दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. ग्लासात एका दमात ओता आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या.