भुलाबाईच्या फेरीला मुलींना पाठवताना

भाद्रपद पौर्णिमेला खानदेशात घरोघरी भुलाबाई बसते आणि तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत गल्लीभर फिरतात. गाणी संपली की घरची बाई खाऊचा डबा हलवून दाखवते आणि मुली कान टवकारून आत काय आहे ते ओळखतात. माझ्या मते काळजीची सुरुवात या डब्यापासूनच करायला हवी.

डबा छान खुळखुळावा म्हणून त्यात शेंगदाणे, फुटाणे किंवा लिमलेटच्या गोळ्या भरल्या जातात, आणि ताईचे बोट धरून आलेल्या तीन-चार वर्षांच्या भावंडाच्या श्वासनलिकेत अडकतात ते नेमके हेच पदार्थ. म्हणून पाच वर्षांखालील मुलांच्या हातावर अख्खा दाणा किंवा गोळी ठेवू नये. त्यांच्यासाठी मऊ लाडू कुस्करून द्यावा, नाहीतर रावेर-यावलची केळी आपल्याकडे मुबलक असतातच. खाऊ ओट्यावर बसवूनच खाऊ घालावा, पळता पळता नव्हे. घास अडकून मुलाला खोकताही येईना, आवाजही फुटेना, तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही फऱ्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाब द्यावा, आणि घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत असताना दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन लावावा. घास दिसत नसताना घशात बोट घालू नये, कारण तो आणखी आत सरकतो.

या दिवसांत पाऊस नुकताच सरलेला असतो आणि वाटेकडेला गवत माजलेले असते, त्यामुळे अंधार पडल्यावर मुलींबरोबर एक मोठे माणूस, हातात टॉर्च आणि पायात बूट हवेतच. साप चावलाच, तर पाय घट्ट बांधण्यात किंवा जखम चिरण्यात वेळ न घालवता मुलीला चालू न देता, पाय स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.

डेंग्यूचा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी चावतो, म्हणजे फेरीची तयारी चाललेली असते तेव्हाच. म्हणून मुलींना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरांत रांजण आणि टाक्या भरलेल्या राहतात. त्या झाकून ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात. ताप आल्यास मनाने दुखण्याची गोळी देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

शेवटच्या रात्रीचे मसाला दूध सगळ्यांत जास्त जपण्याजोगे. पातेले अंगणाच्या मधोमध न ठेवता भिंतीकडेला, मुलींच्या फेरापासून दूर ठेवावे. दूध अंगावर सांडलेच, तर भाजलेल्या जागेवर हळद, शाई किंवा टूथपेस्ट न लावता ती वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावी.