पॉवर ग्लव्ह ‘मेलाय’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

जुना पॉवर ग्लव्ह, म्हणजे हातात घालून व्हिडिओ गेम खेळायचा हातमोजा, कुणाच्या हाती लागला की चार दिवसांत मला फोन येतो, "मेलाय बहुतेक." बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. लावणाऱ्याला दम नसतो, एवढंच.

मॅटेलने 1989 साली निन्टेंडोच्या एनईएस या गेम यंत्रासाठी तो अमेरिकेत आणला, साधारण 75 डॉलरला. पोरं जाहिरात पाहून हरखली, घरी आणून वैतागली आणि थोड्याच काळात त्याचं उत्पादन थांबलं. ग्लव्ह ओबडधोबड होता, हे मलाही मान्य आहे. पण त्याच्या बदनामीत घाईचा वाटा मोठा आहे.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे ज्या खोलीत खेळतोय तिच्याकडे न बघणं. हा ग्लव्ह प्रकाशावर नाही, आवाजावर चालतो. हातावरच्या दोन ट्रान्समीटरमधून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि टीव्हीभोवती लावलेल्या एल आकाराच्या पट्टीतले तीन रिसीव्हर तो पकडतात. पोचायला लागलेल्या वेळावरून हाताची जागा ठरते. म्हणजे जवळ काच, फरशी, उघडी भिंत असली की आवाज तिथून उलटतो आणि पडद्यावरचा हात थरथरायला लागतो.

न्यू जर्सीतल्या माझ्या आतेभावाने गराज सेलमधून एक ग्लव्ह उचलला होता. त्याच्याकडे गेलो तेव्हा मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. केबल तपासली, ग्लव्ह उघडला, नको तिथे डाग दिला. मग लक्ष गेलं टीव्हीला खेटून उभ्या असलेल्या काचेच्या शोकेसकडे. आत्याने साताऱ्याहून नेलेली गोधडी त्यावर टाकली आणि हात जागेवर बसला. आत्या अजून विचारते, "तुझ्या त्या यंत्राला थंडी वाजत होती का रे?" तेव्हापासून मी आधी चादर शोधतो, स्क्रूड्रायव्हर नंतर.

पट्टी पातळ टीव्हीवर बसत नाही. ती जुन्या डबा टीव्हीसाठी होती. चिकटपट्टीचे जुगाड मला बघवत नाहीत. टीव्हीमागे लाकडी फळी उभी करा आणि पट्टी तिच्यावर बसवा.

जागा बदललीत, की मूठ पडद्याकडे धरून ग्लव्हवरचं ‘सेंटर’ लिहिलेलं बटण पुन्हा दाबा, म्हणजे हाताची मधली जागा नव्याने ठरते. दर वेळी. कंटाळा येत असेल तर साधा कंट्रोलर घ्या.

आणि पहिल्याच दिवशी मारियो लावू नका! तो गेम या हातासाठी लिहिलेलाच नाही. मनगटावरच्या कीपॅडवर प्रोग्रामचा आकडा टाकून हालचालींची बटणं बनवायची, असा तो व्यवहार. उडी हमखास चुकते. खास ग्लव्हसाठी म्हणून दोनच गेम विकले गेले, बॅड स्ट्रीट ब्रॉलर आणि सुपर ग्लव्ह बॉल. दुसऱ्यापासून सुरुवात करा. त्यात हात पुढे-मागे नेण्याला खरंच अर्थ आहे.

ठेवताना बोटं दुमडू नका, आतल्या सेन्सरच्या पट्ट्या तडकतात.

करंगळी चालत नाही म्हणून मात्र फोन करू नका. तिच्यात सेन्सर नाहीच.