जुन्या नावेला नवी मोटर बसवता?
भाऊ, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनी लाकडी नाव आहे अन् नवी फोर-स्ट्रोक मोटर (नावेच्या मागं लटकवायचं पेट्रोल इंजिन) घेऊन राह्यले, तर आधी मोटर जिच्यावर लटकते ती मागची फळी हातोडीनं ठोकून पाहा, आवाज भद्द आला किंवा पेचकस आत रुतला तर फळी सडली समजा, ती बदलल्याशिवाय मोटर लटकवूच नका. जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा ही जड राहते, मागचा भाग दबते, म्हणून पेट्रोलची टाकी समोर सरकवा. फळी 15 इंच उंच असली तर शॉर्ट शाफ्ट म्हणजे आखूड दांड्याची मोटर घ्या, 20 असली तर लाँग म्हणजे लांब दांड्याची. मोटरच्या पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या बरोबरीत किंवा जराशी खाली पायजे, नाहीतर पंखा हवा ओढते. बोल्ट स्टेनलेसचेच, छिद्रात सीलंट (पाणी आत जाऊ न देणारा लेप) भरा. अन् जुन्या टू-स्ट्रोकसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नका, फोर-स्ट्रोकचं ऑइल इंजिनात वेगळं राहते.