मत्स्यजिऱ्यांना खाद्य टाकण्याआधी उजेड बघा

रोहू-कटला माशांचं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, संवर्धन तळ्यात येतं तेव्हा चार दिवसांचं, जेमतेम ६ मिलिमीटरचं असतं. पोटाखालची बलकाची पिशवी संपलेली असते आणि दोन-तीन आठवड्यांत त्याला २५ मिलिमीटरपर्यंत वाढायचं असतं. वजनाच्या मानानं त्याचं चयापचय मोठ्या माशापेक्षा कितीतरी वेगानं चालतं. त्यामुळे भूक लवकर लागते, प्राणवायूही जास्त लागतो, आणि खाल्ल्यानंतर काही तास ही गरज आणखी वाढते. खाद्याची वेळ ठरवायची ती यावरून.

आधी पाणी बघा. कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा त्याआधीच दिसेनासा झाला तर हिरवं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, जास्त झालंय; ते वाढवायला टाकतो ते शेणखत थांबवा. कोपर बुडाल्यावरही तळवा स्वच्छ दिसत असेल तर पाण्यातलं नैसर्गिक अन्न अपुरं आहे.

मग मात्रा. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, बारीक चाळून घ्या. १ लाख जिऱ्यांना पहिले ५ दिवस रोज ६०० ग्रॅम, पुढे १२०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून.

खरी चूक होते ती वेळेत. दिवसा उन्हात प्लवंग प्राणवायू तयार करतं. रात्री तेच प्लवंग तो वापरतं. म्हणून पहाटे तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तेव्हा पिलं पाण्यावर येऊन आ वासतात. बघणाऱ्याला वाटतं भुकेली आहेत, आणि तो पेंड टाकतो. कृपा करून असं करू नका! त्या क्षणी त्यांना ताजं पाणी हवं असतं. पंप लावून पाण्याचा फवारा मारा. ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमारास पहिलं खाद्य द्या. दुसरं दुपारी चारपर्यंत, म्हणजे अंधाराआधी पचनाला वेळ मिळतो. वेळ रोज तीच ठेवा, पिलांना सवय लागते.

जिऱ्यांचा हंगाम नेमका जुलै-ऑगस्टचा, म्हणजे झड लागण्याचा. दिवसभर ऊन नसेल तर खाद्य निम्मं करा, दोन-तीन दिवस ढग हटलेच नाहीत तर बंदच ठेवा. एखाद्या दिवसाचा उपास पिलं सोसतात. तळाशी सडलेली पेंड मात्र उरलासुरला प्राणवायूही खाते.

पिलं पिशवीत भरून दुसऱ्या तळ्यात न्यायची असतील तर आदल्या दिवशी खाद्य देऊ नका. रिकाम्या पोटी पिलं प्राणवायू कमी वापरतात आणि पिशवीतलं पाणी विष्ठेनं नासत नाही.