अंगठे पंचवीस, माणसं चार

बडोद्यातल्या आमच्या स्केचिंग ग्रुपवर ‘रविवारी कोण कोण येणार?’ असं विचारलं की धडाधड अंगठे पडायचे. सयाजीबागेत जाऊन बघावं, तर आम्ही चौघंच! शेवटी विचारणंच सोडलं. आता महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी ७, ठरलेली जागा. दोघंच आले तरी रद्द नाही.

खरा फरक मात्र फोनने पडला. सगळ्यांना मिळून दिलेलं आमंत्रण कुणालाच आपलं वाटत नाही. म्हणून आदल्या गुरुवारी तीन-चार जणांना फोन करायचा, आणि नुसतं ‘या’ म्हणायचं नाही, काम सोपवायचं. ‘काकू, तुमची जलरंगांची पेटी आणाल? नव्या मुलीला आकाश रंगवून दाखवा ना.’ काकू येतात, आणि त्या नव्या मुलीलाही घेऊन येतात. नवख्याला पहिल्या खेपेला एकटं येऊ देऊ नका. जवळच्या कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसवा. वही दाखवायची सक्ती तर मुळीच नको, निम्मे लोक त्या धास्तीनेच गळतात.

नवरात्रात रात्री गरबा, १४-१५ जानेवारीला पतंग. तेव्हा हट्ट धरू नका. उन्हाळ्यात कीर्तिमंदिर (गायकवाड घराण्याचं स्मारक) बरं, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघत बसता येतं. ९ म्हणजे ९ला आवरा. नंतरच्या शेव-उसळीला थांबायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. (बहुतेक सगळे थांबतात.)