अवे तिकिटं वाटायची कशी

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांना ३,००० जागा किंवा मैदानाच्या १० टक्के, यातलं जे कमी तेवढंच मिळतं. ब्रेंटफर्ड क्लबचं मैदान जेमतेम १७ हजारांचं, म्हणजे १,७०० च्या आसपास. त्यात २०१६-१७ पासून अवे तिकीट, म्हणजे पाहुण्या चाहत्यांचं तिकीट, ३० पौंडांच्या वर जात नाही. झुंबड उडणारच!

आमच्या इंग्लंडमधल्या चाहत्यांच्या ग्रुपची तिकिटांची यादी मी सांभाळतो. तुम्ही वाटप करणार असाल तर सगळी तिकिटं लॉयल्टी पॉइंट्सवर (आधीच्या सामन्यांना गेल्याबद्दल मिळणाऱ्या गुणांवर) देऊन टाकू नका. पॉइंट्स असतील त्याला तिकीट, तिकीट घेतलं की आणखी पॉइंट्स. मग नव्या पोरांनी शिरायचं कुठून? मी चारातली तीन पॉइंट्सवर देतो, चौथ्यासाठी चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठीत नावं फक्त गेल्या मोसमात एकही अवे सामना न मिळालेल्यांची.

पॉइंट्स मैदानात हजर राहिल्यावरच द्या. नाहीतर काही शहाणे मेव्हण्याला पाठवतात आणि स्वतः सोफ्यावर बसून पॉइंट्स जमवतात. संशय आला तर तिकीट स्टेडियमबाहेर, ओळखपत्र बघून हातात द्यायचं. लंडनहून बुधवारी रात्री न्यूकॅसलला जाणाऱ्याला दुप्पट पॉइंट्स (परतीची ट्रेन नसतेच). ऐनवेळी जमत नसेल तर तिकीट यादीतल्या पुढच्याला, छापील किमतीतच. यादी सगळ्यांना दिसू द्या, वाटणाऱ्याच्या नावासकट.