वेब डिझाईनमध्ये शिरायचंय? आधी एक खरी साईट करा

"मॅडम वेब डिझाईनमध्ये करिअर करायचंय, गाईड करा" असा मेसेज आला की मला मनापासून मदत करायची असते, पण काय सांगणार, समोरच्याने आजवर काय केलंय तेच दिसत नाही. म्हणून सल्ला विचारायच्या आधी हातात दाखवण्यासारखं काहीतरी पाहिजे.

शिकायचं म्हणाल तर आधी एचटीएमएल (पेजचा सांगाडा) आणि सीएसएस (रंग, मांडणी), जावास्क्रिप्ट (पेजवरच्या हालचाली) त्यानंतर. हे शिकवणाऱ्या एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या साईट दोन्ही फुकट आहेत, डिझाईन काढून बघायच्या फिग्मा टूलचं फुकट अकाउंटही सुरुवातीला पुरतं. महागडा क्लास लावायच्या आधी रोज तास-दीड तास असे दोन-तीन महिने काढून बघा, आवडतंय का ते तिथेच कळतं.

मग ओळखीतल्या कुणाची तरी खरी साईट करा. मी पहिली केली ती मावशीच्या डब्यांची, सांगलीत. तिच्याकडे मेनूचा एकच फोटो होता, चांगला साडेचार एमबीचा, आणि फोन नंबरपण त्या फोटोतच, म्हणजे दाबून कॉल लागणार नाही, आधी कागदावर लिहून घ्या मग डायल करा. मी सगळा मेनू टेक्स्टमध्ये टाकला, नंबरला टेल लिंक दिली म्हणजे दाबला की कॉल लागतो, साईटवर टाकलेले फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून प्रत्येकी शंभर केबीच्या आत आणले. महिन्याभराने मावशी म्हणाली, "अगं आता भाजी कुठली विचारायला कुणी फोन करत नाही, डायरेक्ट किती डबे तेच सांगतात." पोर्टफोलिओत, म्हणजे आपली कामं दाखवायच्या पेजवर, मी हेच लिहिलं, अडचण काय होती, काय केलं आणि त्याने काय फरक पडला. नुसत्या सुंदर स्क्रीनशॉटपेक्षा इंटरव्ह्यूत यावरच जास्त बोलणं झालं.

मराठी साईट करत असाल तर एक गोष्ट नीट शिकून घ्या, ही बऱ्याच जणांना माहितीच नसते. इंग्रजीसारखं लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो, त्यामुळे ते शून्यच ठेवा. लाईन हाईट (ओळीची उंची) अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास घ्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. पेजच्या एचटीएमएलमध्ये भाषा एमआर (mr, मराठीचा कोड) अशी सेट करा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत तिथे तेच दिसतात, हिंदी वळणाचे नाही. मुक्ता फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. आणि फिकट राखाडी अक्षरं टाळा, डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे साईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमाप्रमाणे साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला फरक) किमान ४.५ ला १ लागतो, क्रोममधल्या लाईटहाऊस या तपासणी टूलने तपासता येतो.

अशा दोन-तीन साईट झाल्या की गिटहब पेजेस या साईट ठेवायच्या सेवेवर पोर्टफोलिओ फुकटात लावा आणि मग विचारा. पण "कशी वाटली?" असं नको, त्याला "छान" एवढंच उत्तर येतं. असं विचारा: "ही डब्यांची साईट आहे, मोबाईलवर भाव बघायला तीन वेळा स्क्रोल करावं लागतं, भाव वर घेऊ की मेनू लहान करू?" याला कामात बुडालेला माणूसपण दोन मिनिटांत उत्तर देतो. सांगितलेला बदल करून आठवड्याभरात परत दाखवा, कारण असं परत दाखवणारे फार कमी असतात आणि काम आलं की त्यांचंच नाव आधी आठवतं.

पैशाचं सुरुवातीलाच बोलून घ्या, निम्मे ॲडव्हान्स आणि बदल दोनदाच. मी हे बोलले नव्हते तेव्हा एका दुकानदाराने अकरा वेळा होमपेज बदलून घेतलं आणि शेवटी निम्मेच पैसे दिले, फार वाईट वाटलं होतं. आता व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घेते. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, मात्र कस्टमरच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलने घ्या, उद्या तुमचा नंबर बदलला आणि रिन्यू करायचं राहिलं तर त्याची साईट बंद पडते.